हो, पण उत्तर काय?

"दाब, मावशी, दाब!" ठिणगी दात-ओठ खात पुटपुटली.

"दाबेल ती. आधी तू माझा हात सोड!" शेजारी बसलेला पंडित कळवळला. "नखं आहेत की चिमटे?"

ठिणगीने त्याचा हात सोडला आणि खुर्चीची कड पकडली. समोर दिव्यांच्या लखलखाटात 'अचूक' या प्रश्नमंजूषेची उपांत्य फेरी रंगात आली होती. एका टेबलामागे एक जाडजूड वकील, दुसऱ्यामागे साध्या सुती साडीतली ठिणगीची मावशी. मावशी म्हणजे पंडितची आई. शाळेत विज्ञान शिकवायची. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या शाळेला एक खरीखुरी, मोठी दुर्बीण मिळणार होती. मावशीच्या शाळेत विज्ञानाचं म्हणून एक कपाट होतं, आणि त्यात एक मोडका तराजू होता. बस्स.

सगळी सुट्टी मुलांनी या दिवसासाठी खर्ची घातली होती. ठिणगी प्रश्न विचारायची, पंडित विश्वकोशातून नवे नवे अवघड प्रश्न काढायचा आणि ठिणगीची धाकटी बहीण शेपूट चमच्याने ताट बडवून वेळ संपल्याची घंटा द्यायची. मावशीचं धोरण ठरलेलं होतं. प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा. उत्तर एका शब्दात द्यायचं. आणि एकदा दिलेलं उत्तर बदलायचं नाही, समोरच्याने कितीही भुवया उडवल्या तरी.

"जितके शब्द जास्त, तितक्या चुकायच्या जागा जास्त," ती म्हणायची.

चंदेरी कोट घातलेले सूत्रसंचालक कार्ड नाचवत पुढे आले. "सावध! अवघड प्रश्न! मकरवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या माणसाला भरदुपारी सूर्य ज्या दिशेला दिसतो, ती दिशा कोणती?"

वकिलांचा हात बझरवर गेला आणि तसाच थबकला. मावशीने बझर दाबला.

"उत्तर," ती म्हणाली.

"हो हो, बोला!"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. "उत्तर."

"अहो मॅडम, उत्तरच तर मागतोय! द्या की!"

प्रेक्षक खो-खो हसले. मावशी गोंधळली, पण बोलली नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली. घड्याळाचा काटा फिरला आणि कर्कश भोंगा वाजला.

"अरेरे! उत्तर आलंच नाही!" चंदेरी कोट उसासले. "विज्ञानाच्या बाईंची सूर्यानेच फजिती केली म्हणायची! आता हा प्रश्न बाद. बरोबर उत्तर, ब्रेकनंतर!"

पुन्हा हशा. ठिणगीची कानशिलं तापली. मावशीला हसतात? तिच्या मावशीला?

*

रंगभूषेच्या खोलीत आरशाभोवती गोल दिवे लावलेले होते. मावशी त्यांच्यासमोर खाली मान घालून बसली होती.

"अगं, गप्प का राहिलीस?" ठिणगी आत शिरता शिरताच कडाडली. "काहीतरी बोलायचंस! नुसतं उत्तर, उत्तर काय!"

"बोलले ना मी," मावशी हळूच म्हणाली. "पण ते चुकलं असणार. नाहीतर त्यांनी पुन्हा पुन्हा का विचारलं असतं? पंडित, ते संत्रं दे इकडे. आणि एक टाचणी."

पंडितने बशीतलं संत्रं दिलं. मावशीने त्याच्या खालच्या भागात टाचणी टोचली आणि संत्रं आरशाच्या दिव्यासमोर धरलं. "हा सूर्य. ही टाचणी म्हणजे आपला माणूस. सूर्य त्याच्या कुठल्या बाजूला आहे?"

"वरच्या," पंडित म्हणाला. "आणि टाचणीची सावली खाली पडलीय, दक्षिणेकडे."

"मग मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय ते बरोबरच आहे की!" मावशी संत्रं खाली ठेवत म्हणाली. "तरी यांना ते चूक का वाटावं?"

तेवढ्यात शेपूट बिस्किट चघळत आत आली. प्रश्नाच्या वेळी ती नेमकी पाणी प्यायला बाहेर गेली होती. "मावशी, सगळे म्हणतायत तुला आलं नाही. तू काय उत्तर दिलंस?"

"उत्तर."

"हो, पण काय?"

"उत्तर गं."

"अगं, तेच तर विचारतेय!" शेपूट वैतागली. "उत्तर काय दिलंस?"

पंडितच्या हातातून टाचण्यांची डबी पडली.

"दिशा!" ठिणगी किंचाळली. "मावशी दिशा सांगत होती! आणि त्या चंदेरी भोपळ्याला वाटलं, ही नुसतं 'उत्तर, उत्तर' करत वेळ काढतेय!"

"ठिणगी! मोठ्यांना असं बोलू नये."

"मोठ्यांनी असं ऐकू नये!" ठिणगी तावातावाने म्हणाली. आणि मग तिचा आवाज उतरला, कारण तिच्या लक्षात आलं की तिने स्वतःही तसंच ऐकलं होतं. मावशीवर ओरडलीही होती. त्यामुळे तिला आणखीनच राग आला. आता तो नक्की कुणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

*

निर्मातेसाहेब बोळात फोनवर बोलत फेऱ्या मारत होते. मुलांचं अर्धवट ऐकून त्यांनी हात उडवला.

"बाळ, मी टेप ऐकलीय. मॅडम दोनदा 'उत्तर, उत्तर' म्हणून अडखळल्या. पुढे काही नाही."

"अडखळली नाही! दिशा सांगितली!"

"हरल्यावर सगळे असंच म्हणतात."

"म्हणजे माझी मावशी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं का?" साहेबांनी जांभई दिली. "पण त्यांच्या मनात काय होतं, ते काही टेपवर दिसत नाही. आमचे सूत्रसंचालक इतकी वर्षं हे काम करतायत. त्यांना शब्द कळत नाहीत का? चला, मुलांनी इथे घोटाळायचं नाही."

आणि ते पुन्हा फोनवर हसू लागले.

ठिणगीने भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्चीला लाथ मारली. खुर्ची धाडकन पडली. दुखलं मात्र तिच्याच अंगठ्याला. "आणि तू?" एका पायावर नाचत ती पंडितवर घसरली. "तुझी सख्खी आई आहे, आणि तू बर्फाची लादी!"

"माझे कान बघ," पंडित शांतपणे म्हणाला.

त्याचे कान लालभडक झाले होते. ठिणगीने पाय खाली टेकवला.

"साहेबांचं एक बरोबर आहे," तो म्हणाला. "आईच्या मनात काय होतं ते दाखवता येणार नाही. पण कुणीही शहाणा माणूस तिच्या जागी असता तर त्याचीही अशीच गत झाली असती, हे दाखवता येईल."

ठिणगीचे डोळे हळूहळू मोठे झाले. "म्हणजे प्रयोग!"

"प्रयोग! आधी छोटा, मग मोठा."

छोटा प्रयोग दारावरच्या रखवालदारकाकांवर झाला. "काका, ध्रुवतारा कुठे दिसतो?" ठिणगीने विचारलं.

"उत्तरेला," काका म्हणाले. "का गं?"

"काही नाही!" तिघं मान खाली घालून परत फिरली.

"फुस्स!" शेपूट म्हणाली.

"त्या 'ला'ने घोळ केला," पंडित कपाळावर टिचकी मारत म्हणाला. "'उत्तरेला' म्हटलं की दिशाच कळते. आईला विचारलं होतं, 'ती दिशा कोणती?' म्हणून तिचं उत्तर नुसतं 'उत्तर' असं आलं. ठिणगे, शब्द तोलून विचारायला हवेत. रागाच्या भरात 'कुठे' म्हणालीस की डाव फसला!"

"नाही म्हणणार," ठिणगी म्हणाली आणि 'ती दिशा कोणती? ती दिशा कोणती?' असं पुटपुटू लागली.

*

ब्रेक संपत आला होता. कॅमेरे सुरू व्हायच्या आधी चंदेरी कोट प्रेक्षकांना हसवत हिंडत होते. तो त्यांचा रोजचाच खेळ होता. "मी सगळ्यांना प्रश्न विचारतो. मला कोण विचारणार? चला, आहे का कुणाची हिंमत?"

ठिणगीचा हात ताडकन वर गेला. तिचा आवाज स्वच्छ होता.

"मी विचारते, काका. पण तुमच्याच नियमांनी. वेळेत उत्तर द्यायचं."

"वा! चुणचुणीत पोरगी आहे!" त्यांनी तिच्या हातात माईक दिला. "विचार!"

"ध्रुवतारा ज्या दिशेला दिसतो, ती दिशा कोणती?"

"बस, एवढंच? हे शेंबडं पोरही सांगेल! उत्तर!"

"हो हो, बोला!" ठिणगी गोड आवाजात म्हणाली.

"उत्तर!"

"अहो काका, उत्तरच तर मागतेय! द्या की!"

प्रेक्षकांत खसखस पिकली. चंदेरी कोट चक्रावले. "अगं, दिलं की! उत्तर!"

"नुसतं उत्तर, उत्तर काय करताय? वेळ चाललीय!"

"अगं बाई, उत्तर! उत्तर! उत्तर!"

"टण्ण्ण!" शेपूट बेंबीच्या देठापासून ओरडली. "वेळ संपली!"

"अरेरे! उत्तर आलंच नाही!" ठिणगी उसासली. सगळा स्टुडिओ हसत सुटला.

"काय चाललंय काय?" चंदेरी कोटांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "मी स्पष्ट सांगितलं! उत्तर म्हणजे उत्तर दिशा! एवढं साधं मराठी कळत नाही तुला?"

ठिणगीने माईक घट्ट धरला.

"मला कळतं, काका. माझी मावशीही हेच म्हणाली होती. दोनदा. तेव्हा तुम्हाला का नाही कळलं?"

हसू विरलं. चंदेरी कोटांनी सावकाश मावशीच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, हातातल्या कार्डाकडे पाहिलं, आणि कार्डाच्या मागे छापलेलं बरोबर उत्तर वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अरे देवा," ते म्हणाले.

निर्मातेसाहेब धावत आले. "बरं, बरं, झालं ते झालं! तो प्रश्नच कापून टाकू. कुणाला कळणारही नाही."

"कापायचा नाही!" ठिणगी गरजली. "हसताना सगळे हसले! मग आता—"

"थांब, ठिणगी." दारात मावशी उभी होती. ती पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता, पण साहेब आपोआप दोन पावलं मागे सरकले. "तुम्ही मुलांना सांगितलंत म्हणे, हरल्यावर सगळे असंच म्हणतात. मी हरले नव्हते, साहेब. उद्या माझे विद्यार्थी हा कार्यक्रम बघणार आहेत. त्यांना बाई गप्प उभ्या राहिलेल्या दिसणार असतील, तर बाई बरोबर होत्या हेही दिसलंच पाहिजे."

"कापायचा नाही," समोरच्या टेबलामागून वकीलही म्हणाले. "मला ते उत्तर येत नव्हतं. बाईंना येत होतं. त्यांचे गुण त्यांना द्या, मग खेळू."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पण त्यांच्या बाजूने कुणीच बोलेना. शेवटी त्यांनी मान हलवली.

कॅमेरे सुरू झाले. चंदेरी कोट आता कार्ड नाचवत नव्हते. "प्रेक्षकहो," ते म्हणाले, "मगाशी चूक बाईंची नव्हती. त्या दिशा सांगत होत्या आणि मी ऐकत नव्हतो. वर त्यांची थट्टा केली. त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. गुण त्यांचे."

त्यानंतरची लढत अटीतटीची झाली. वकील पटापट बझर दाबत होते, मावशी एकेक शब्द टाकत होती. शेवटच्या बझरपर्यंत ठिणगीने पंडितच्या हातावर नव्याने नखं उमटवली, आणि या वेळी तो कळवळला नाही. मावशी एका प्रश्नाने पुढे राहिली. अंतिम फेरी!

टाळ्या थांबल्यावर वकील खाली उतरून मुलांपाशी आले. "कुणाची गं कल्पना ही? साक्षीदाराला त्याच्याच शब्दांत पकडायचं! मला इतक्या वर्षांत जमलं नाही असं."

"कल्पना पंडितची, प्रश्न हिचा, घंटा माझी!" शेपूट एका दमात म्हणाली.

"पोरांनो, मोठे व्हाल तेव्हा माझ्या विरुद्ध बाजूला उभे राहू नका, म्हणजे झालं!" ते गडगडाटी हसले.

निर्मातेसाहेबही आले. घसा खाकरून त्यांनी तिघांशी हात मिळवला. "हुशार आहात," ते पुटपुटले. "मी... मी नीट ऐकायला हवं होतं."

"हो," ठिणगी म्हणाली. "हवं होतं."

मावशीने तिला जवळ ओढलं. "शाबास. प्रश्न अगदी नेटका विचारलास. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. मी असते तर माझा आवाज फुटला असता."

"माझा राग अजून गेला नाहीये, मावशी!" ठिणगी गाल फुगवून म्हणाली. "थोडासुद्धा नाही!"

"असू दे," मावशी हसली. "अंतिम फेरी अजून व्हायचीय. जपून ठेव."