सौरलेपावरचे पांढरे पट्टे

गाडी तीन वेळा धुतली आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा फिकट दिसायला लागली. धुतलेली गाडी मळकट कशी होते, हे कोडं बारा वर्षांच्या गिरिजा हालकुडेला पडलं, तेव्हा ती भयंकर रागावलेली होती.

लातूरच्या बाहेर, औशाच्या रस्त्यावर तिच्या आईचं, शैलजाबाईंचं, वॉशिंग सेंटर होतं. २०६१ सालच्या त्या उन्हाळ्यात दर सोमवारी तिथे एक गडद निळी गाडी धुवायला यायची. तो फिरता दवाखाना होता. त्या गाडीला टपापासून दारांपर्यंत सौरलेप (उन्हापासून वीज तयार करणारा रंग) दिलेला होता आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर होता. त्याच विजेवर गाडी चालायची आणि आतली लसींची शीतपेटीही गार राहायची. धूळ बसली की ऊन अडतं आणि वीज कमी होते, म्हणून दर आठवड्याला धुणं भाग होतं.

तिसऱ्या धुण्यानंतर, गुरुवारी, काळेवाडी तांड्याच्या अलीकडे चार किलोमीटरवर गाडी बंद पडली. शीतपेटी तापली आणि सगळ्या लसी टाकून द्याव्या लागल्या. तांड्यावर चाळीस बाया लेकरं घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. त्यांना तसंच परत जावं लागलं.

शुक्रवारी गाडी ओढून सेंटरवर आणली आणि मागोमाग सौरलेप बनवणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. तो यंत्रमानव होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, लेपावर पडणारं ऊन मोजलं आणि सांगितलं की शंभरातले ऐंशी भागच ऊन आत पोचतं आहे, कारण लेपावर पांढरट पट्टे आहेत. मग त्याने सेंटरच्या दारावर लाल कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, ‘धुणाऱ्याचा निष्काळजीपणा’.

ओल्या हातांनी आई नुसती त्या कागदाकडे बघत राहिली. गिरिजाच्या मात्र कानशिलापर्यंत आग गेली. तिने तपासनिसाला विचारलं की आईने नेमकी काय चूक केली. तो म्हणाला, पट्टे आहेत की नाहीत एवढंच त्याला तपासायचं होतं. ते कशामुळे पडले हे तपासणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

“म्हणजे तुला माहीत नाही,” गिरिजा म्हणाली, “आणि तरी तू आईचं नाव घातलंस.”

तपासनीस वळला आणि निघून गेला.

कंपनीने दिलेलं सूचनापत्रक आईने भिंतीवर डकवलेलं होतं. गिरिजाने ते पुन्हा वाचलं. लेपावर पाणी ठरत नाही, त्यामुळे गाडी पुसण्याची गरज नाही, ती उन्हात आपोआप वाळू द्यावी, शेवटी कोरडा फडका फिरवावा, असं त्यात लिहिलं होतं. आईने अक्षर न अक्षर तसंच केलं होतं. मग निष्काळजी कोण?

गिरिजा पत्रक काढून घेऊन तडक सेंटरमागच्या काझीआजोबांच्या घरी गेली. रशीद काझी यांनी तीस वर्षं रंगांच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पत्रक वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“राग राहू दे, बेटा. पण आधी तो खरा आहे का ते बघू,” ते म्हणाले.

त्यांनी एक काळी काच अंगणात ठेवली. तिच्यावर एक थेंब सेंटरच्या बोअरच्या पाण्याचा टाकला आणि शेजारी दुसरा थेंब त्यांच्या टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. मे महिन्याचं ऊन होतं. थोड्याच वेळात दोन्ही थेंब वाळले. पावसाच्या थेंबाच्या जागी जवळजवळ काहीच उरलं नाही. बोअरच्या थेंबाच्या जागी चुन्यासारखं पांढरं कडं उरलं.

आजोबांनी समजावलं की बोअरचं पाणी जमिनीखालच्या खडकांतून झिरपतं आणि वाटेत तिथले क्षार (पाण्यात विरघळलेले खनिज पदार्थ) सोबत घेतं. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण ऊन लागलं की फक्त पाण्याची वाफ होते. क्षार वाफ होऊन उडत नाहीत, ते मागेच राहतात. पावसाचं पाणी म्हणजे वर जाऊन थंड झालेली वाफच, म्हणून त्यात क्षार नसल्यातच जमा.

गिरिजाने विचारलं की गाडीवर तर पाणी ठरतच नाही, मग क्षार राहतात कसे. आजोबा तिला उभ्या असलेल्या गाडीपाशी घेऊन आले आणि लेपावर पाण्याचा हबका मारला. पाणी पसरलं नाही. त्याचे मोत्यांसारखे गोल थेंब झाले. वरचा थर जलविरोधी (पाण्याला चिकटू न देणारा) आहे, ते म्हणाले. पाण्याचे कण अशा थराला धरण्यापेक्षा एकमेकांनाच घट्ट धरतात, म्हणून थेंब गोळा होतो. उभ्या दारावरून ते घरंगळून जातात, पण सपाट टपावर आणि बॉनेटवर शेकडो थेंब तसेच बसून राहतात. उन्हात तो प्रत्येक थेंब एकेक कडं सोडून जातो. वरून कोरडा फडका फिरवला की ते क्षार ओढले जाऊन पट्टे होतात. तीन धुण्यांत थरावर थर चढले होते.

“म्हणजे पत्रकच चुकीचं आहे,” गिरिजा म्हणाली. तिला रडू येईल इतका संताप आला होता. पत्रक लिहिणाऱ्यांनी आपल्या गावच्या गोड्या पाण्यावर प्रयोग केला आणि साऱ्या जगाचं पाणी तसंच असेल असं ते धरून चालले. चूक त्यांची, आणि कागद मात्र आईच्या दारावर.

आजोबांनी होकाराची मान हलवली. मग त्यांनी गाडी पुसायचा फडका मागवला. गिरिजाने आत्मविश्वासाने आणून दिला. तो मऊ, सुगंधी आणि स्वच्छ होता. आजोबांनी त्यावर पाणी टाकलं. ते आत शिरलं नाही. फडक्यावरही थेंब होऊन बसून राहिलं.

फडके कशात धुता, असं त्यांनी विचारलं. फडके धुण्याचं काम गिरिजाचं होतं, आणि छान वास यावा म्हणून ती शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं द्रव घालत असे. त्या द्रवाचा मेणचट थर धाग्यांवर बसतो, आजोबा म्हणाले. मग फडका पाणी टिपत नाही, उलट स्वतःचा मेणचटपणा लेपावर फासतो. म्हणजे काही पट्टे क्षारांचे होते आणि काही गिरिजाचे.

त्या संध्याकाळी गिरिजाने हे आईला स्वतः जाऊन सांगितलं. तिची मान खाली होती. आईने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “तुझं तू कबूल केलंस. आता त्यांना त्यांचं कबूल करायला लावू.”

दुसऱ्या दिवशी आईने फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टर शिरूरेबाईंना फोन करून तपासनिसाला परत बोलवायला लावलं. त्याच्यासमोर आजोबांनी आधी एका कोपऱ्यावर करून पाहिलं आणि मग पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून जुने पट्टे सोडवले. सौम्य आम्लात (आंबट पदार्थात) असे क्षार विरघळतात. फडक्याचा मेणचटपणा साबणाच्या पाण्याने काढला आणि नंतर भरपूर पाण्याने सगळं धुऊन काढलं. मग बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डावी बाजू आईने पत्रकाप्रमाणे बोअरच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि त्यावर नुसत्या साबणात धुतलेला कोरडा फडका फिरवला.

मग गाडी शेडच्या सावलीत घेतली आणि बॉनेट गार होऊ दिलं, म्हणजे पाणी पुसायच्या आधीच वाळणार नाही. उजवी बाजू धुऊन शेवटचं पाणी पावसाचं वापरलं. फवारा मारला नाही. नळीचं तोंड काढून टाकलं आणि पाणी वरच्या कडेने हळूच सोडलं. त्या सलग वाहत्या पाण्याने बसलेले थेंब आपल्यात ओढून घेतले आणि सगळं एकत्र खाली गेलं. जे चारदोन थेंब उरले, त्यांच्यावर आईने नुसत्या साबणात धुतलेला जाड मऊ टॉवेल अंथरला आणि न दाबता, न घासता अलगद ओढून घेतला. खालच्या मळक्या भागाला वेगळा फडका घेतला, म्हणजे त्यातली वाळू वरच्या लेपावर ओरखडे काढणार नाही.

तपासनिसाने दोन्ही बाजू मोजल्या. एका धुण्यानंतरच डावीकडून त्र्याण्णव भाग ऊन आत जात होतं. उजवीकडून नव्व्याण्णव.

तो म्हणाला की हे आकडे तो कंपनीला पाठवील.

“आणि कागद?” आईने विचारलं.

त्याचा आदेश आपल्याला नाही, असं तो म्हणाला. तेव्हा डॉक्टरबाई पुढे आल्या आणि तिथूनच कंपनीच्या अधिकाऱ्यांशी बोलल्या. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी तपासनिसाने तो कागद काढला. गोंदाचा डाग राहिला, तो त्याच्याकडूनच आईने पुसून घेतला.

सोमवारी टपासकट सगळी गाडी नव्या पद्धतीने धुतली गेली. गुरुवारी ती काळेवाडी तांड्यावर पोचली आणि अडतीस लेकरांना लस मिळाली. दोन कुटुंबं ऊसतोडीचा हिशेब मिटवायला दुसऱ्या गावी गेली होती, त्यांच्यासाठी डॉक्टरबाई पुन्हा जाणार होत्या.

कंपनीचं पत्र आलं. सूचनापत्रक सुधारत आहोत, आणि गाड्या धुणाऱ्यांना शिकवायला शैलजाबाई हालकुडे यांनी यावं, अशी त्यात विनंती होती. ‘चुकलं’ हा शब्द मात्र कुठेच नव्हता. गिरिजाने तो दोनदा शोधला आणि ती पत्र फाडायला निघाली. आईने तिचा हात धरला. मग तिच्याकडूनच उत्तर लिहून घेतलं: शिकवायला मी तयार आहे, पण पहिला वर्ग माझ्या सेंटरवर होईल आणि त्याला पत्रक लिहिणारे बसतील.

जून लागायच्या आत पत्रक लिहिणारे तीन इंजिनीअर खरोखरच आले. आईने त्यांना बाह्या वर करायला लावल्या आणि रखरखत्या दुपारी शेडच्या सावलीत प्रत्येकाकडून एकेक दार धुऊन घेतलं. घामाने त्यांचे सदरे पाठीला चिकटले. त्यातल्या एका तरुण बाईने नळी हातात घेतली, पाणी सोडणार तेवढ्यात ती थांबली आणि आईकडे वळून म्हणाली, “ताई, हे पाणी कुठलं आहे, ते आधी सांगता का?”

गिरिजाने कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.