विस्कटलेल्या घोड्याची नाणी

"खट्!" आवाज झाला आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्याचे दोन तुकडे टेबलावर पडले.

जुईली किंचाळलीच. "आजोबा, पारखीनं नाणं कापलं!"

सन २०६३. डॅन्यूब नदीकाठच्या एका संग्रहालयात जुईलीचे आजोबा, धातुशास्त्रज्ञ डॉ. विश्राम गद्रे, शेतात सापडलेली, प्राचीन युरोपातल्या केल्टिक लोकांची सदतीस नाणी तपासत होते. पारखी हा त्यांचा यंत्रमानव. आजोबा शेजारच्या खोलीतून धावत आले आणि तुकडे पाहून पांढरेफटक पडले.

"का कापलंस?"

"खोटं होतं," पारखी शांतपणे म्हणाला. "तुमचाच नियम. मूळ नाण्याशी निम्म्याहून कमी जुळलं तर खोटं समजायचं, कापून आतला धातू बघायचा. अजून एकवीस आहेत. पुढचं घेऊ?"

"थांब! हात लावू नकोस!"

आजोबा मटकन खुर्चीत बसले. जुईलीनं एक तुकडा भिंगाखाली धरला.

"खोट्या नाण्यासारखं आत तांबं नाहीये, आजोबा. आरपार चांदीच आहे."

"म्हणजे खरं होतं!" आजोबा पुटपुटले.

मग ते मूळ नाण्याशी का जुळलं नाही? मूळ नाणं ग्रीसच्या उत्तरेकडल्या मॅसिडोनियाच्या राजा फिलिपचं; केल्टिक कारागीर त्याचीच नक्कल करायचे. त्यावर एका बाजूला दाढीवाला देव, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. कापलेल्या नाण्यावर मात्र नुसत्या रेघा आणि ठिपके. जुईली कितीतरी वेळ सगळी नाणी उलटीसुलटी करून बघत राहिली.

"पारखी, मूळ नाणं सोड. प्रत्येक नाणं त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नाण्याशेजारी लाव."

पडद्यावर रांग लागली. आधी स्वार बारीक झाला, मग त्याचं धडच गेलं. घोड्याची आयाळ मण्यांची झाली, गुडघ्यांचे ठिपके झाले, पाय अंगापासून सुटले.

"शेजारशेजारची नाणी नव्वद टक्के जुळतात," पारखी म्हणाला. "रांगेच्या दोन टोकांची फक्त बारा टक्के."

"बाप रे! हा तोच घोडा आहे!" जुईली ओरडली.

आजोबा उठून पडद्याजवळ गेले. "नाणं ठशानं (चित्र उलटं कोरलेल्या धातूच्या तुकड्यानं) पाडतात. ठसा झिजला की कारागीर नवा कोरायचा. पण समोर मूळ नाणं नसायचं, आधीची नक्कल असायची. तिच्यातला फरक पुढच्या नकलेत उतरायचा, वर नवा फरक पडायचा. असे फरक साठत गेले."

"म्हणजे चुका साठल्या?"

"सगळ्या चुका नव्हेत गं. हे ठिपके किती नेमके आहेत बघ. त्या कारागिरांना असाच घोडा आवडत असणार." आजोबांनी कापलेला तुकडा उचलला. "आणि मी पारखीला यालाच खोटं म्हणायला शिकवलं. संग्रहालयाला आत्ताच कळवतो. चूक माझी आहे."

पत्र लिहून झाल्यावर त्यांनी पारखीचा नियम बदलला. कापायची आज्ञा कायमची पुसून टाकली.

"एक विचारू?" पारखी म्हणाला. "इतर संग्रहालयांनी याच नियमानं खोटी ठरवून बाजूला ठेवलेली चारशे बारा नाणी माझ्या यादीत आहेत. अजून कापलेली नाहीत."

जुईलीनं खुर्ची पुढे ओढली.

"दाखव. पहिल्यापासून."