कॅम्पातल्या बंगल्यात मारलेली लाथ

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला काडीचा फरक पडत नाही. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मे १९९८. पुण्यातला कॅम्प. भर दुपारचे दोन.

इंग्रजांच्या काळातला एक बंगला पाडून तिथे सॉफ्टवेअर कंपनीची इमारत होणार होती. पाडायचं काम माझ्या भावाचं, दिग्विजयदादाचं. मी मोजमापं लिहून घ्यायला सोबत होते.

केवढा तो हॉल! वीस फूट उंच छत, सागवानी तुळया आणि भिंतीत दोरीपुरतं एक भोक. साहेब आत लोळायचा, आणि मागच्या व्हरांड्यात बसून कुणीतरी त्या दोरीने छताचा कापडी पंखा ओढायचा.

वीज केव्हाच तोडलेली. घामाने जीव नकोसा झाला होता.

आणि डोक्यावरून गार वारा आला...

वर पाहिलं. नुसत्या तुळया.

दादा वॉचमन गेनबाला शोधत व्हरांड्यात गेला. मी मागोमाग.

भिंतीला टेकून एक अनोळखी म्हातारा पेंगत होता. पायाच्या अंगठ्याला दोरी.

"काय महाराज, उशी आणून देऊ?" म्हणत दादाने त्याला लाथ घातली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. दादाच्या तोंडाकडे नाही... त्याच्या पायाकडे बघत राहिला.

"साहेब, शिडी आणली!" गेनबा फाटकातून ओरडला. आम्ही वळलो. परत पाहिलं तर...

व्हरांडा रिकामा.

ऐकून गेनबा पांढराफटक पडला. "गोऱ्या साहेबानंबी अशीच लाथ घातली व्हती. पंखेवाला जागीच मेला. म्हैन्यात साहेबाचा पाय गेला. भिंतीला डोकं टेका, माफी मागा."

"भिंतीची? अर्ज तीन प्रतींत देऊ का?" दादा हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता दादाचा पाय आपोआप वर गेला. खाली. वर. खाली... संध्याकाळपर्यंत. अंगठ्यावर दोरीचा काळा वळ.

मग ते रोजचंच झालं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. पाय वाळून काठी झाला.

दादाचा ताठा उतरला, तोवर त्याच्याच माणसांनी ती भिंत पाडली होती.

आता तिथे काचेची इमारत आहे. तरी गेल्या आठवड्यात दादा कुबड्या घेऊन निघाला. "सोनाली, एकदा माफी मागू दे गं."

गेटवर सिक्युरिटीने रजिस्टर पुढे केलं.

"कोणाला भेटायचंय? नाव सांगा."

पंखेवाल्याचं नाव गेनबालाही माहीत नव्हतं. दादा तिथेच लहान पोरासारखा रडला.

कॅम्पात कुणाच्या पणजोबांनी साहेबाचा पंखा ओढला असेल, तर हात जोडते, त्यांचं नाव कळवा.

कालपासून दादाच्या दुसऱ्या पायाचा अंगठाही काळा पडायला लागलाय...