कुंपणातले बिनपरवाना भाडेकरू

सन २०५८. ‘शिस्तनिवास’ सोसायटीचे चेअरमन फणसळकर गच्चीत तोंडाचा आ वासून उभे होते. वेलाला फुलं ढीगभर, भोपळा एकही नाही! दोन वर्षांपूर्वी याच जागच्या वेलाने सगळ्या सोसायटीला घारगे खायला घातले होते. खत तेच, पाणी तेच. मग भोपळे गेले कुठे?

“चोरी!” फणसळकर म्हणाले. पण न लागलेला भोपळा चोरणारा चोर किती हुशार असेल, या विचाराने त्यांना दुसरा धक्का बसला.

चोराला नंतर बघू म्हणून ते खाली उतरले, कारण आज कुंपण तोडायचं होतं. तीन बाजूंचं झाडोऱ्याचं कुंपण काढून त्यांनी गेल्याच वर्षी प्लास्टिकचं लावलं होतं. हिरवंगार, एकसारखं, दर शनिवारी साबणाने धुतलेलं. मागची बाजू तेवढी उरली होती. तिथे करवंदी, निर्गुडी, कोरांटी आणि धायटी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. ही झुडपं सोसायटीतल्याच छोट्या ऊर्वीने तिच्या बाबांबरोबर लावली होती. आणि करवंदीच्या काट्यांआड, घरट्यात, बुलबुलाची पिल्लं होती.

ऊर्वी झुडपांना पाठ लावून उभी राहिली. “काका, पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा ना!”

“ही सोसायटी आहे की अभयारण्य? बाजूला हो. शिस्तोबा, चालव करवत!”

शिस्तोबा हा सोसायटीचा यंत्रमानव. त्याने करवत उचलली, भिंगाचा डोळा झुडपात खुपसला आणि तो थबकला.

“साहेब, आत भाडेकरू आहेत. राहत्या भाडेकरूला समक्ष नोटीस वाचून दाखवल्याशिवाय घर पाडायचं नाही, हा नियम आपलाच.”

फणसळकरांना नियम मोडता येईना. तो त्यांनी भांडून मंजूर करून घेतला होता. “बरं, वाच. लवकर!”

शिस्तोबाने खणखणीत आवाजात नोटीस वाचली. बुलबुलीण त्याच्या डोक्यावर येऊन चोच मारू लागली.

“हरकत नोंदवली,” शिस्तोबा म्हणाला. “आता सरडा. मग फुलपाखरांच्या अळ्या, मधमाश्या. शिवाय वाळक्या फांदीत भोकं पाडून राहणारे काळे भुंगे. यांची हजेरी गच्चीतही लागायची. भोपळ्याच्या फुलात.”

“माझ्या भोपळ्यात?” फणसळकर किंचाळले. “म्हणजे चोर हेच!”

“चोर नव्हे, पोस्टमन,” शिस्तोबा शांतपणे म्हणाला. “भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नर फुलातले परागकण (पिवळी भुकटी) मादी फुलावर पोचले, तरच भोपळा धरतो. याला परागीभवन म्हणतात. वेलाला पाय नाहीत. भुंगा रस प्यायला येतो आणि अंगाला लागलेली भुकटी पुढच्या फुलावर पोचवतो.”

“मग आता का येत नाहीत?” ऊर्वीने विचारलं.

“भोपळा फुलतो थोडे दिवस. भूक लागते वर्षभर. उन्हाळ्यात करवंद, पावसाळ्यात निर्गुडी, थंडीत कोरांटी, मग धायटी, अशी पाळीपाळीने फुलणारी खाणावळ हवी. तीन बाजूंच्या खाणावळी आपण बंद केल्या. आत उरलेल्या मोजक्यांना गच्चीपर्यंत यायला सवड नाही.”

फणसळकरांनी करवतीकडे पाहिलं, मग वर गच्चीकडे. स्वतःच्या घारग्यांवर स्वतःच करवत चालवलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तोही आरशाशिवाय.

“करवत ठेव खाली,” ते पुटपुटले. “आणि ते प्लास्टिक काढ. ऊर्वी, तिकडे काय काय लावायचं, ते तू सांग. पण झुडपं वाढेपर्यंत भोपळ्याचं काय?”

“सकाळी फूल उमललं की भुंग्याचं काम आपण करा. मऊ कुंचल्याने,” शिस्तोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी सोसायटी गच्चीत थक्क होऊन बघत होती. साक्षात चेअरमन कुंचला घेऊन या फुलातून त्या फुलात वाकत होते. ऊर्वी हसू दाबत म्हणाली, “काका, गुणगुणायला विसरलात!”

पिल्लं उडाली. पावसात बाकीच्या तीन बाजूंनी नवी झुडपं लागली. पुढच्या वर्षी त्यांना कळ्या आल्या, गच्चीत भोपळ्याचा नवा वेल फुलला आणि एका सकाळी फणसळकरांच्या कुंचल्याआधीच एक काळा भुंगा भोपळ्याच्या फुलात शिरला.

भाडेकरू म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारे फणसळकर दोन पावलं मागे सरले.

“या, या,” ते हळूच म्हणाले. “बसा.”