टेकडीवरची बैठक

ओल्या रंगाला टेकू नये हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. फक्त रंग ओला आहे हे टेकेपर्यंत कळत नाही.

किल्ल्याच्या दाराशी नवा बोर्ड उभा होता. गाइडबाई त्याला खुशाल पाठ लावून उभी राहिली आणि पाहुण्यांना दारावरच्या खिळ्यांची गोष्ट सांगू लागली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की पाहुणे हसताहेत. गोष्टीत तर हसण्यासारखं काही नव्हतं. शत्रू अगदी दारापर्यंत आला होता. शेवटी एका आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून तिला सांगितलं, की पोरी, तू वळलीस तेव्हा दिसलं, तुझ्या पाठीवर निम्मा किल्ला उमटलाय, आणि तोही उलटा.

शिडीवरून एक तरुण खाली उतरला. कानावर ब्रश, बोटं निळी. आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. त्याने बोर्डाकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, आणि मान तिरकी करून म्हणाला,

“तुमच्याकडची अक्षरं जास्त बरी आलीत.”

“मग बोर्ड म्हणून मीच उभी राहू का दारात?”

“राहा की. पण मग किल्ला कोण बघेल…”

ती खुदकन हसली, आणि शत्रू कुठवर आला होता तेच विसरली. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या मुलीने गोष्ट अर्ध्यावर विसरणं, हे काही साधं नव्हतं.

तो पर्यटन मंडळाचा पेंटर होता. त्या भागातल्या जुन्या जागांवर नवे बोर्ड लावायचं काम त्याला मिळालं होतं, आणि जागा दाखवायचं काम तिच्याकडे आलं. मग रोज सकाळी दोघं निघत. कधी दगडी पुलाकडे, कधी नदीकाठच्या पाणचक्कीकडे, कधी जुन्या बागेतल्या सावलीच्या घड्याळाकडे. गवतातून चालताना पायांना दव लागे. नदीवर धुकं असं पसरलेलं असे, की पुलाचं दुसरं टोक दिसायचंच नाही, आणि तिला वाटे, नाही दिसलं तरी चालेल. एकदा बागेत अचानक सर आली. दोघं चाफ्याखाली उभी राहिली. त्याने आपली छत्री उघडली आणि रंगाच्या डब्यांवर धरली. ती भिजत बघत राहिली. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने छत्री घाईघाईने तिच्यावर धरली… तोवर पाऊस थांबला होता.

“जमलं एकदाचं,” ती म्हणाली. तो इतका मनापासून हसला, की चाफ्यावरचे थेंब पुन्हा दोघांवर पडले.

त्याच्या कामाची एक रीत होती. बोर्डावर तो आधी खडूने लिही. मग लिहिलेलं मोठ्याने वाची आणि तिथल्या माणसाला विचारी, “खरं ना?” समोरून “खरं” आल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. मंडळाने मजकूर दिलेला असताना हे कशाला, असं तिने एकदा चिडवत विचारलं. तो म्हणाला, मुलं वाचायला लागली की आधी बोर्ड वाचत सुटतात. आणि तिथे लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून चालतात. त्यांना फसवायचं नाही. त्या दिवशी ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

बागेच्या तिकीटखिडकीवर तिची आत्या बसायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. “ठमे,” एका संध्याकाळी ती नोटा मोजता मोजता म्हणाली, “पूर्वी पूल दाखवून तू जेवायला घरी यायचीस. आता काय नदी आटेपर्यंत दाखवतेस?”

ठमी नुसतीच लाजली. पण जागा संपत आल्या होत्या. पाणचक्कीचा बोर्ड झाला आणि पेंटर ब्रश धुता धुता म्हणाला, की काम उरकलं. आता दुसऱ्या भागात जायचं.

 तिच्या तोंडातून भलतंच निघालं.

“एक जागा राहिली की. बागेमागची टेकडी. तिथे पहारेकऱ्याची बैठक आहे… फार जुनी.”

टेकडीवर दगड होते, हे खरं. पण ते रस्त्याच्या कामातून उरलेले. चढून दमलेल्याला बसता यावं म्हणून तिच्या आतोबांनी ते रचले होते, ती परकराच्या वयाची असताना. पेंटरला यातलं काय माहीत? त्याने मंडळाला विचारून जास्तीचा बोर्ड मिळवला आणि दुसऱ्या सकाळी टेकडीवर खडूने सुरेख अक्षरांत लिहिलं, की इथे बसून पहारेकरी किल्ल्यातल्या दिव्याची वाट पाही. मोठ्याने वाचलं. तिच्याकडे वळला.

“खरं ना?”

“खरं,” ती म्हणाली.

त्याने डब्याचं झाकण उघडलं. ब्रश बुडवला. ती त्याच्या हाताकडे बघत होती. बोर्ड इथेच राहणार, मुलं येणार, बोट ठेवून वाचणार…

“थांबा,” ती म्हणाली. “इथे कधी पहारेकरी नव्हता. हे माझ्या आतोबांनी रचलेले दगड आहेत.”

ब्रश हवेतच राहिला.

“आणि बाकीच्या जागा? पूल, पाणचक्की? तेही असंच?”

हे त्याने रागाने विचारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. तो घाबरून विचारत होता.

“ते सगळं खरं. एवढंच खोटं बोलले.”

“का पण?”

“जागा संपल्या होत्या,” तिने मान खाली घातली. “आणि तुम्ही… जाणार होतात.”

वारा गवतावरून गेला. पेंटरने डबा बंद केला, फडक्याने बोर्ड स्वच्छ पुसला. आता हा शिडी उचलणार, तिला वाटलं. त्याने खडू उचलला. बराच वेळ तिच्याकडे पाठ करून लिहीत राहिला, मग बाजूला सरून वाचू लागला.

“‘इथे कोणी राजा आला नाही. लढाई झाली नाही. हे दगड एका माणसाने दमलेल्यांसाठी रचले आहेत. बसा. इथून किल्ला छान दिसतो.’ खरं ना?”

“खरं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“अजून एक ओळ आहे. ‘इथून एका पेंटरचा पाय निघत नाही.’”

 ती हळूच म्हणाली, “हे मी कसं सांगू? इथे मीच तुम्हाला विचारायला हवं.”

“विचारा मग.”

“खरं?”

“खरं,” तो म्हणाला. “जायला तर लागणारच. पण दर सुट्टीला मी येईन. मंडळाने पाठवलं नाही तरी.”

तो पुन्हा डबा उघडू लागला, तशी ती पुढे झाली आणि शेवटची ओळ तिने आपल्या तळहाताने पुसून टाकली. ही ओळ पाहुण्यांसाठी नाही, म्हणाली. खडूने तळवा पांढरा झाला. पेंटरने तो हात धरला.

खालून आत्याची हाक आली. पाहुण्यांची गाडी आली होती. ठमी पळत टेकडी उतरली. त्या दिवशी तिने किल्ल्याची सगळी गोष्ट एक मूठ मिटूनच सांगितली. मुठीत काय आहे, असं एका बाईंनी विचारलंही. ती नुसती हसली आणि त्यांना पुढच्या बुरुजाकडे घेऊन गेली.