बेचाळिसावी मात्रा

पटणार नाही कुणालाच, आत्ताच सांगून ठेवतो. पण घडलंय. अगदी अस्संच.

२००४ सालचा मे महिना. चेन्नईतलं अड्यार. भर दुपार.

चारुलताच्या गुरू राजसबाई, तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांना जाऊन वर्ष झालेलं. मागे उरली होती एकच कॅसेट. तीही झिजत चाललेली.

त्यातली आलापना... तालाशिवायचं, मोकळं गाणं... चारुलताला कागदावर उतरवायची होती. टेप तुटायच्या आत.

बाई जिवंतपणी बजावून गेल्या होत्या, "माझ्या आलापनेला रेघा मारशील तर बघ!"

आणि कॉम्प्युटरचं रेघांवाचून अडे. नोटेशनचं ते सॉफ्टवेअर दर चार मात्रांनी रेघ ओढायचं. लांब सूर मधोमध चिरायचं.

चारुलता हट्टाची. तिने सगळे सूर मोजले. एक्केचाळीस मात्रा. मग एक्केचाळीस मात्रांचं एकच लांबलचक माप, म्हणजे दोन रेघांमधला खण, केलं. तालाचा आकडा लपवला. झालं! मधे एकही रेघ नाही.

तेवढ्यात शेवटाकडे नजर गेली...

तिथे विश्रामाची खूण होती. रिकामी मात्रा. बेचाळिसावी.

माप अपुरं राहिलं, की सॉफ्टवेअर आपणहून विश्राम भरतं, हे तिला ठाऊक होतं.

पण हे माप तर काठोकाठ भरलेलं.

तिने खूण पुसली. सगळं वाजवून पाहिलं. सूर संपले...

आणि स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला.

बाई घ्यायच्या, तस्साच.

पडद्यावर खूण परत आलेली.

चारुलता जागची हलली नाही. मोठ्याने म्हणाली, "बाई, मोजायचं नाही हा तुमचा हट्ट. हरवू द्यायचं नाही हा माझा!"

पुसली. आली. पुसली... आली.

शेवटी बिचारीने हात जोडले. "ठेवते तुमचा श्वास," म्हणाली, आणि पान तसंच छापायला धाडलं. तेव्हापासून सगळं शांत...

"थापा!"

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्सच्या गच्चीवर गोष्ट रंगवत बसलेले उपेंद्रकाका दचकले. मागे चारुलताच उभी होती, हातात कॉफीचा टंबलर घेऊन.

"हात कधी जोडले हो मी, काका? आणि छापायला कुठे दिलंय? बाईंनी न गायलेली मात्रा मी छापणार नाही."

"अगं, मग ती खूण?"

"रोज पुसते. आज सकाळी दोन होत्या." तिने शांतपणे घोट घेतला. "उद्याही पुसणार."