कालव्यावरची हिरवी चौकट

ही हकीकत मी रचलेली नाही. ज्यांच्यावर ती ओढवली, ती माणसे आज हयात आहेत. शंतनू हा माझा सख्खा मावसभाऊ, आणि त्याची उल्कामावशी म्हणजे माझी जन्मदाती आई. दोघांनी मला ती निरनिराळ्या वेळी, एकमेकांच्या पाठीमागे सांगितली. दोन्ही सांगण्यांत तिळमात्र तफावत आढळली नाही. शंतनूने जशी सांगितली तशीच येथे मांडतो. त्यामुळे आईचा उल्लेखही मावशी असाच करीन.

ती रात्र नव्हती, हे आधीच सांगतो.

सन २०२४, सप्टेंबर महिन्यातील दुसरा शनिवार. दुपारचे सव्वादोन. लख्ख ऊन पडले होते.

शंतनू तेव्हा शिकागोनजीक नेपरव्हिल येथे राहत असे. त्याची पत्नी रुचा हिला सातवा महिना लागला होता. त्यापूर्वी दोन वेळा तिची कूस रिती झाली होती, एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा पाचव्या. त्यामुळे ह्या खेपेस घरातील प्रत्येक जण जपून पाऊल टाकत होता. शंतनूची आई हयात नाही. म्हणून बाळंतपणासाठी नागपूरहून मावशी गेली होती.

डोहाळजेवणाचा विषय तिनेच काढला.

“नावेतलं करू,” मावशी म्हणाली. “आपल्याकडे पुठ्ठ्याची नाव करतात, तिच्यात बसवतात पोरीला. इथं पुठ्ठा मिळते का रे?”

“पुठ्ठा कशाला, मावशी? खरी बोटच बुक करतो,” शंतनू म्हणाला. “तासाभराच्या ड्राइव्हवर जुना कॅनॉल आहे. काठावरून खेचर चालतं आणि दोराने बोट ओढतं. मी वरून ड्रोनने शूट करतो. एकदम सेफ आहे, कमरेएवढंच पाणी.”

“चला,” रुचा म्हणाली, “खेचर का होईना, तुझ्या जोडीला कोणीतरी मिळालं.”

मावशी एवढी हसली की तिला ठसका लागला. घरात कित्येक महिन्यांनी कोणी मोठ्याने हसले होते.

तो कालवा शे-दीडशे वर्षांपूर्वीचा. एके काळी त्यातून धान्याच्या बोटी जात असत. आता हौशी लोकांना फिरवण्यापुरती एकच बोट उरली आहे. पाहण्यास मौज वाटावी म्हणून तेथील नोकरमाणसे जुन्या काळचे पोशाख घालतात. डेल नावाचा साठीचा बोटवाला गवती टोपी घालून उभा होता. तिकिटाच्या खिडकीत मेगन नावाची मुलगी लांब झग्यात बसली होती. मावशीने दोघांनाही नमस्कार केला.

बोटीच्या सपाट छतावर मध्यभागी एक लोखंडी कडी ठोकलेली होती. बोट नवीन, पण कडी फार जुनी. ती कशासाठी, असे रुचाने विचारले.

“मुलांसाठी,” डेल म्हणाला. “पूर्वी बोटवाल्यांचे संसार बोटीवरच असायचे. आई कामात असली की रांगतं मूल पाण्यात पडायची भीती. मग त्याच्या कमरेला दोर बांधून ह्या कडीला अडकवायचे. दोर सात फुटांचा. बोटीचा काठ आठ फुटांवर. मूल काठापर्यंत पोचायचंच नाही.”

“आणि दोर सुटला तर?” रुचाने विचारले.

डेल खेचराचा पट्टा तपासण्यास निघून गेला.

छतावरच खुर्ची मांडून रुचाला बसवले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. सात सुवासिनींनी ओटी भरली. निधी नावाच्या शेजारणीने डोहाळे म्हटले. शंतनू मात्र बोटीवर नव्हता. तो काठावरच्या वाटेने, बोटीच्या चाळीसेक पावले मागे, हातात रिमोट घेऊन चालत होता. ड्रोन पाण्याच्या वर उंच घिरट्या घालत होता.

येथे त्या यंत्राविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. त्याला माणूस ओळखता येतो. खाली माणूस दिसला की रिमोटच्या पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटते. त्या चौकटीवर बोट टेकवले, की ड्रोन त्या माणसाचा पाठलाग करू लागतो.

पडद्यावर बोट दिसत होती. बोटीवर बायकांच्या चौकटी. काठावर डेलची चौकट. त्याच्यापुढे खेचर.

आणि खेचराच्या पुढे…

रिकाम्या वाटेवर…

आणखी एक चौकट.

तिच्यात कोणीही नव्हते. केवळ वाट आणि ऊन.

शंतनूला वाटले, उन्हामुळे यंत्र फसले असावे. परंतु चौकट जागेवर नव्हती. ती चालत होती. माणूस चालतो तशी, किंचित डुलत, बोटीच्या दिशेने.

तेवढ्यात खेचराच्या गळ्यातील घंटा थांबली.

त्याने कान मागे पाडले आणि चारही पाय रोवले. झाडीत सकाळपासून किड्यांची किरकिर चालली होती… तीही थांबली. बोट आपल्या वेगाने थोडी पुढे सरकली आणि काठाला टेकली.

डेलने पट्टा ओढला, गोंजारले, चार शब्द सुनावले. खेचर हलेना.

शंतनूने मान वर करून पाहिले, तेव्हा मावशी हातात ताट घेऊन बोटीतून काठावर टाकलेल्या फळीवरून उतरत होती. तिच्या मुखावर पाहुण्याला सामोरे जाताना असते तसे हसू होते. ती चार पावले चालली आणि थबकली.

मग तिने रिकाम्या हवेला हळदीकुंकू लावले.

शंतनूने डोळे पडद्याकडे वळवले. मावशीची चौकट, आणि तिच्या समोर अगदी लगटून ती दुसरी. मावशीने खण ठेवला, नारळ ठेवला, तीन वेळा ओंजळीने तांदूळ घातले. नंतर दोन्ही हातांनी पाळणा झुलवण्याची खूण करून ती काहीतरी बोलली.

ती चौकट पडद्यावरून पुसावी, एवढ्याच हेतूने शंतनूने तिच्यावर बोट टेकवले. घाबरलेला मनुष्य काय करतो ह्याचे त्याला भान नसते.

पडद्यावर अक्षरे आली. पाठलाग सुरू.

ड्रोन वळला.

चौकट फळीवरून चढली. बोटीवर आली. सुवासिनींच्या मधून गेली. कोणी बाजूला झाले नाही, कोणी वळून पाहिले नाही. ती त्या लोखंडी कडीपाशी, रुचाच्या खुर्चीसमोर थांबली.

आणि बुटकी झाली…

माणूस खाली बसला की चौकट जशी होते तशी. बरोबर रुचाच्या पोटाच्या उंचीएवढी.

“रुचा!” शंतनू ओरडला. रिमोट टाकून तो धावत सुटला.

रुचा खुर्चीत बसून पोटावर हात फिरवत होती. “काय रे? एवढा पांढरा का पडलास? बाळ आत्ता जोरात फिरलं बघ. फर्स्ट टाइम एवढं.”

त्याने खालीवर पाहिले. कोणीच नव्हते. खेचर आपण होऊन चालू लागले, घंटा वाजू लागली.

शंतनूने काठावर उतरून मावशीला बाजूला घेतले. “मावशी, तू कुणाची ओटी भरलीस?”

“अरे, ती कंपनीचीच बाई नाही का? निळ्या झग्यातली, डोक्याला कापडी टोपडं. केव्हाची उभी होती पोरीकडे बघत. सवाष्ण दारात उभी राहिली तर तिला तशीच पाठवायची का?”

“आणि बोललीस काय?”

“काय बोलणार? बारशाला या म्हटलं. आपण म्हणत नाही का सगळ्यांना?”

शंतनूने हे सारे डेलला इंग्रजीत सांगितले. डेलने टोपी काढून हातात धरली.

“आज ड्यूटीवर आम्ही दोघंच आहोत,” तो म्हणाला. “मेगन खिडकीतून उठलेली नाही. आणि आमच्याकडे निळा झगा नाही.” मग त्याने विचारले, “तुमच्या मावशींनी तिला घरी बोलावलं?”

“हो.”

“मग आपण परत फिरू.”

शंतनू ओटी भरल्याच्या जागी गेला. जेथे तीन ओंजळी तांदूळ ओतले होते तेथे तांदळाचा एक दाणा नव्हता. खण नव्हता. नारळही नव्हता.

घरी येऊन त्याने चित्रण पाहिले. चित्रणात चौकटी उमटत नाहीत, त्या फक्त उडवताना दिसतात. त्यामुळे त्यात एवढेच दिसले, की एक प्रौढ बाई ओसाड वाटेवर हवेची ओटी भरते आहे. त्याने ते पुसून टाकले. ड्रोन कपाटात ठेवला. रुचाला काहीही सांगितले नाही.

पुढचे तीन महिने कसे गेले ते त्याचे त्यालाच ठाऊक. रुचाने कूस बदलली तरी तो उठून बसत असे.

परंतु काहीही विपरीत घडले नाही. डिसेंबरच्या आरंभी रुचा सुखरूप बाळंत झाली. मुलगी. सव्वातीन किलोची, खणखणीत आवाजाची. शंतनूला वाटले, आपण भ्रमिष्टासारखे वागलो.

बाराव्या दिवशी बारसे ठेवले. आदल्या दिवसापासून बर्फ पडत होता. रुचाचा धाकटा भाऊ ईशान न्यू जर्सीतील पिस्कॅटवेहून आला होता. त्याला यातील काहीच ठाऊक नव्हते. त्याने कपाटातून ड्रोन काढला आणि बर्फातले घर व येणारे पाहुणे टिपण्यासाठी अंगणातून उडवला.

शंतनू पाळण्याला फुलांची माळ बांधत होता. बाहेरून हाक आली.

“जिजू, तुमचा ड्रोन वेडा झालाय यार! रिकाम्या ड्राइव्हवेवर माणूस दाखवतोय.”

शंतनूच्या हातून माळ गळाली.

तो तसाच अनवाणी बर्फात गेला. पडद्यावर निधी आणि तिचा नवरा दाराकडे येत होते. दोघांच्या दोन चौकटी. दोघांच्या मागे पावलांच्या दोन ओळी.

त्यांच्या मागे तिसरी चौकट… डुलत… दाराकडे…

तिच्या मागे बर्फ कोरा होता.

“दार लाव! मावशी, दार लाव!”

परंतु दारात मावशी कुंकवाचे ताट घेऊन उभी होती. पाहुण्यांसाठी दार सताड उघडे होते. तिचा प्रसन्न स्वर त्याला स्पष्ट ऐकू आला.

“या, या. आत या.”

चौकट छपराखाली गेली आणि दिसेनाशी झाली.

शंतनू आत धावला. घर माणसांनी भरले होते. दुपट्यात गुंडाळलेली मुलगी रडत होती. ती एकाएकी रडायची थांबली. पाळण्याच्या एका बाजूला टक लावून पाहू लागली. आणि हसली. बारा दिवसांचे मूल हसले म्हणून बायकांना कोण कौतुक वाटले. नाव ठेवले, नैना.

पाहुणे गेल्यावर भेटवस्तू पाहू लागले. वाळे, कुंची, झबली, खेळणी. सर्वांच्या तळाशी एक वस्तू होती. टेबलाचे कापड तिच्याखाली भिजले होते.

अंबाडीचा जुना दोर. चिखलाचा वास येणारा. एका टोकाला फास विणलेला, लहान मुलाच्या कमरेएवढा.

रुचाने विचारले, “हे कोणी दिलं?”

तेव्हा शंतनूने तिला सर्व सांगितले. मावशी जमिनीवर बसली. ती म्हणाली, “मी ताटाकडे बघून कुंकू लावत होते रे. कपाळं तेवढी पाहिली, चेहरे नाही पाहिले. पण एक कपाळ… ओलं होतं. बोट गारठलं माझं.”

दोर शंतनूने त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात टाकला. सकाळी गाडी येऊन तो घेऊन गेली. ते त्याने स्वतः उभे राहून पाहिले. महिनाभरात त्याने नोकरी बदलली आणि बिऱ्हाड टेक्सासला, अर्विंगला हलवले. तेथे बर्फ नाही, कालवा नाही. मावशी, म्हणजे माझी आई, नागपूरला परतली.

पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

यंदा ऑगस्टमध्ये, रविवारी सकाळी, आम्ही व्हिडिओ कॉल लावला होता. नैना नुकतीच रांगू लागली होती. तिकडे शनिवारची संध्याकाळ. रुचा दिवाणखान्याच्या दूरच्या टोकाला गुडघ्यांवर बसून खुळखुळा वाजवत होती. पोरीने पाळण्यापासून झपाझप रांगायला सुरुवात केली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मध्यावर ती थांबली.

हातपाय चालतच होते. परंतु ती पुढे सरकत नव्हती. अंगातील झबले कमरेशी आवळल्यासारखे झाले.

मग तिने मागे, कोणाकडे तरी वळून पाहिले आणि खुदकन हसली.

“रोजचं आहे,” शंतनू म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. “पाळणा कुठल्याही रूममध्ये ठेवा. मी टेप लावून मेजर केलंय. सात फूट.”

आई तोंडाला पदर लावून बसली होती. ती कशीबशी म्हणाली, “अरे, पडू देत नाही ती पोरीला. तिचं भलंच पाहते.”

“भलं पाहतात, मान्य आहे,” रुचा म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. “पण मावशी, तुम्ही त्यांना या म्हणालात. मग जा कसं म्हणायचं? मी सगळ्या भाषांत म्हणून पाहिलं. तुम्ही बोलावलंत, तर तुम्हीच म्हणा ना.”

आईने ओठ उघडले. पण आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला जा म्हणायची पद्धत नाही. सत्तर वर्षांत तो शब्द तिने कोणासाठीही उच्चारलेला नव्हता.

तिने दोन वेळा प्रयत्न केला.

तिसऱ्यांदा ती म्हणाली, अगदी हळू, “जा गं माय आता.”

पडद्यावरची नैना हसायची थांबली. पाळण्याच्या बाजूला पाहत राहिली. मग पुढे वळून तिने एक हात टाकला. दुसरा टाकला.

ती सुटली होती. सरळ रांगत रुचाकडे निघाली होती.

रुचा रडू लागली. शंतनूने तोंड झाकून घेतले.

मी आईकडे वळलो. ती मोबाइलकडे पाहत नव्हती. तिची नजर आमच्या नागपूरच्या दाराकडे लागली होती. बाहेर पाऊस नव्हता, तरी उंबऱ्यापाशी लादी ओली दिसत होती…

“आई?” मी म्हणालो.

“दार लाव,” ती म्हणाली. “आणि कोणी आलं, तर काहीच बोलू नको.”

तेव्हापासून आमच्या घरी कोणी आले, तर आम्ही दार उघडून नुसते बाजूला होतो. लोकांना वाईट वाटते, हे मला कळते.

पण ‘या’ असे आम्ही कोणालाही म्हणत नाही.